फॉर्मॅट म्हणजे दुरुस्ती नव्हे

मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्णा भागात संगणकाबद्दलचं एक मत इतकं घट्ट बसलं आहे की त्यावर वादच होत नाही. लिनक्स असलेल्या संगणकावर अपडेट चढलं आणि दुसऱ्या दिवशी टेक्स्ट एडिटर उघडताक्षणी बंद पडू लागला, की निदान लगेच ठरतं: अपडेटने घोळ केला. उपायही ठरलेला असतो: फॉर्मॅट मारा, विंडोज टाका आणि पुन्हा अपडेटच्या वाटेला जाऊ नका. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातल्या लहान कचेऱ्या, ऑनलाइन अर्ज भरून देणारी एमपी ऑनलाइनची सेंटरं, सीपीसीटीच्या टायपिंगची तयारी करून घेणारे वर्ग, नागपूरला शिकणारी मुलं, सगळ्यांच्या तोंडी हाच सल्ला आहे. मला या सल्ल्याला ठाम विरोध करायचा आहे. त्यातलं निदान चुकीचं आहे, उपाय त्याहून चुकीचा आहे, आणि त्याचा तोटा त्या एका संगणकापुरता राहत नाही, मराठीत लिहिणाऱ्या सगळ्यांना सोसावा लागतो.

अपडेटनंतर प्रोग्रॅम बिघडतात, हे मी नाकारत नाही. बिघडतात, आणि नेमके नको त्या वेळी बिघडतात. प्रवेशाच्या दिवसांत सेंटरसमोर रांग लागलेली असताना एडिटर डोळ्यांदेखत नाहीसा झाला, तर माणूस वैतागणारच. अशा वेळी त्याला ‘मॅन्युअल वाच’ किंवा ‘विम एडिटर शिकून घे’ असं सुनावणारे लिनक्सचे भक्तही माझ्या मते तेवढेच चुकतात. ज्याचं काम अडलं आहे त्याचं काम आधी चालू झालं पाहिजे. माझा वाद त्याच्या अडचणीशी नाही, त्या अडचणीतून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांशी आहे. ते एकेक करून तपासू.

पहिला निष्कर्ष असा की, अपडेटनंतर बिघडलं म्हणजे एडिटरच्या नव्या आवृत्तीनेच बिघडवलं. आपल्याला एडिटर एका खिडकीच्या रूपात दिसतो, पण तो एकटा उभा नसतो. जीएडिट, प्लुमा, माउसपॅड, एक्सएड या एडिटरांचे मेनू आणि बटणं जीटीके नावाची लायब्ररी काढते. जोडाक्षरं कशी जुळवायची ते हार्फबझ ठरवतं, ओळी पँगो मांडतं, फाँट शोधून देण्याचं काम फाँटकॉन्फिग करतं आणि अक्षराचा आकार फ्रीटाइप उमटवतं. देवनागरी कीबोर्ड बहुधा आयबसमधून येतो. सगळं पडद्यावर आणायला ग्राफिक्सचा ड्रायव्हर लागतो. हे सगळं वेगवेगळ्या गटांनी लिहिलेलं असतं आणि वेगवेगळ्या पॅकेजांतून येतं. एका अपडेटमध्ये यांतली चार बदलतात, पाचवी गोष्ट जुनीच राहते, आणि त्यांचं एकमेकांशी जमेनासं झालं की कोसळतो तो वर दिसणारा एडिटर.

याची उदाहरणं नोंदलेली आहेत. २०१९ साली पँगोच्या १.४४ या आवृत्तीने जुन्या बिटमॅप आणि टाइप-१ फाँटांचा आधार काढून टाकला. ज्यांनी असे फाँट निवडून ठेवले होते त्यांना अक्षरांच्या जागी चौकोन दिसू लागले. लोकांना एडिटर आणि टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) बिघडल्यासारखे वाटले, पण त्या प्रोग्रॅमांमध्ये काहीच बदललेलं नव्हतं. दुसरं उदाहरण जीटीकेचं. जीटीके-२ आणि जीटीके-३ एकाच प्रोग्रॅममध्ये एकत्र चालत नाहीत. एखाद्या जुन्या प्लगइनने तसं करायचा प्रयत्न केला तर प्रोग्रॅम मुद्दाम थांबवला जातो आणि कारण टर्मिनलमध्ये सरळ लिहून येतं. आयकॉनवर क्लिक करून उघडणाऱ्याला ती ओळ कधीच दिसत नाही, त्याला फक्त खिडकी गायब झालेली दिसते.

आपल्या भागात आणखी एक कारण धरून चालावं लागतं, ते म्हणजे लाईट जाणं. डाउनलोड अर्धवट राहिलं तर डेबियन-उबुंटूची यंत्रणा ते पॅकेज तपासून नाकारते, त्याने फारसं बिघडत नाही. पण पॅकेजं उघडून जागच्या जागी बसवली जात असताना वीज गेली, तर काही नवी बसलेली आणि काही अर्धी राहिलेली असतात. हे अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला डीपीकेजी या पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमची एक आज्ञा पुष्कळदा पुरते. डिस्क काठोकाठ भरलेली असली तरी असाच घोळ होतो. यातलं काहीच न पाहता ‘अपडेट वाईट’ म्हणून मोकळं होणं म्हणजे तपास न करता निकाल देणं आहे.

दुसरा निष्कर्ष पहिल्यापेक्षा घातक आहे: म्हणून अपडेटच करू नका. टेक्स्ट एडिटरसारख्या साध्या प्रोग्रॅमला अपडेटची काय गरज, असं विचारलं जातं. त्याचं उत्तर जून २०१९ मध्ये मिळालं. विम आणि निओविम या एडिटरांमध्ये अशी त्रुटी उघड झाली की, मुद्दाम रचलेली एक साधी टेक्स्ट फाइल नुसती उघडली तरी ती फाइल संगणकावर हव्या त्या आज्ञा चालवू शकत होती. त्याच वर्षी पँगोतही एक त्रुटी जाहीर झाली; सदोष यूटीएफ-८ मजकूर दिला की मेमरीची हद्द ओलांडली जाई. दोन्हींवरचा इलाज अपडेट हाच होता. ज्यांनी अपडेट बंद ठेवलं, त्यांनी मजकुरामुळे कोसळणारा एडिटर स्वतःहून जपून ठेवला.

अपडेट टाळण्याची किंमत जगाने त्याआधीच मोजली होती. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधल्या एका त्रुटीची दुरुस्ती दिली. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरलं आणि त्याने दीडशेहून अधिक देशांतले संगणक ओलीस धरले. जवळपास दोन महिने दुरुस्ती हाताशी होती. ज्यांनी ती चढवली नव्हती ते सापडले. आपल्या सेंटरच्या संगणकांवर लोकांचे आधार क्रमांक, समग्र आयडी, बँकेची पासबुकं येतात. दुसऱ्यांची कागदपत्रं हाताळणाऱ्याने ‘मी अपडेट करत नाही’ हे शहाणपण म्हणून सांगू नये. तो गिऱ्हाइकांच्या विश्वासाचा भंग आहे.

तिसरा निष्कर्ष या सगळ्याच्या मुळाशी आहे: फॉर्मॅट मारलं की झालं. संत्र्याच्या बागेतला मोटरपंप बंद पडला तर कुणी विहीर बुजवत नाही. आधी लाईट पाहतात, मग स्टार्टर, मग केबल. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण पहिल्याच पायरीवर विहीर बुजवतो. फॉर्मॅटने बिघाड कशाने झाला याचा पुरावा पुसला जातो. सोबत कीबोर्डची मांडणी, जमवलेले फाँट, शब्दकोश आणि पुष्कळदा मजकूरही जातो. पुन्हा तेच लिनक्स टाकून तेच पॅकेज उतरवलं तर तीच चूक परत येते, कारण ती दुरुस्त झालेलीच नसते. मग दुकानदार म्हणतो, मशीनच खराब आहे.

तपास अवघड नाही आणि त्याला क्रम आहे. सगळ्यात आधी मजकूर वाचवायचा. बिघडलेला एडिटर पुन्हा पुन्हा उघडून त्याच फाइलवर सेव्ह करू नये. फाइलची प्रत दुसरीकडे काढावी. विम काम चालू असताना एक लपलेली स्वॅप फाइल ठेवतो आणि तिच्यातून न साठवलेला मजकूर परत मिळवता येतो. ईमॅक्स दोन्ही बाजूंना हॅशचं चिन्ह असलेली प्रत ठेवतो. नॅनो कोसळताना जमलं तर ‘सेव्ह’ शेपटी लावलेली फाइल मागे ठेवून जातो. हे झालं की अडलेलं काम दुसऱ्या एडिटरात सुरू करावं. लिनक्सवर एकाच वेळी अनेक एडिटर सुखाने नांदतात, त्यामुळे एक कोसळला म्हणून दिवस वाया घालवण्याचं कारण नाही. रांगेतल्या माणसांचं काम होऊ द्यावं आणि तपास संध्याकाळी करावा.

तपासाची पहिली पायरी म्हणजे तोच एडिटर टर्मिनलमधून, नाव टाइप करून उघडणं. आयकॉनमागे लपलेले संदेश तिथे दिसतात. ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढीच ओळ आली तरी तिला अर्थ आहे: प्रोग्रॅमने आपली नसलेली मेमरी गाठली आणि कर्नलने, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याने, बाकीची व्यवस्था सांभाळण्यासाठी त्याला थांबवलं. कर्नल इथे आपलं रक्षण करतो आहे. त्या ओळीच्या वरच्या दोन-चार ओळींत पुष्कळदा फाँटचं, प्लगइनचं किंवा लायब्ररीचं नाव असतं. ते लिहून ठेवावं.

दुसरा प्रश्न: रिकामी फाइल उघडली तरी कोसळतो, की एका ठरावीक फाइलीनेच? ठरावीक फाइल असेल तर तिची प्रत घेऊन अर्धी करावी. ज्या अर्ध्या भागाने एडिटर कोसळतो तो भाग पुन्हा अर्धा करावा. हजार ओळींची फाइल दहा वेळा अर्धी केली की दोषी ओळ हातात येते. हे करायला प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही, चिकाटी लागते.

तिसरा प्रश्न: दोष यंत्रणेत आहे की आपल्या सेटिंगमध्ये? संगणकावर एक नवीन युजर तयार करून त्याच्या खात्यात एडिटर उघडावा. तिथे नीट चालला, तर दोष आपल्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या सेटिंगमध्ये किंवा प्लगइनमध्ये आहे, हे नक्की झालं. मग एडिटरच्या सेटिंगचं ते लपलेलं फोल्डर पुसून टाकू नये, त्याचं नाव बदलावं. एडिटर नवीन सेटिंग तयार करून घेतो, आणि जुनं पुढच्या तपासाला शिल्लक राहतं. प्लगइन एकेक करून बंद करावे, फाँट बदलून पाहावा, कीबोर्ड इंग्रजी करून पाहावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही.

नव्या युजरकडेही कोसळला, तर अपडेटकडे बोट दाखवायला आधार मिळाला. आता कोणतं पॅकेज, हा प्रश्न. डेबियन आणि उबुंटूमध्ये कोणत्या दिवशी कोणती पॅकेजं कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेली, याची नोंद पॅकेजं उतरवणाऱ्या एपीटीच्या लॉगमध्ये लिहिलेली असते. फेडोरात तेच काम करणाऱ्या डीएनएफचा इतिहास आहे आणि तो एखादा व्यवहार उलटवूनही देतो. स्नॅपमधून आलेला एडिटर मागच्या आवृत्तीवर नेता येतो. लिनक्स मिंटमध्ये टाइमशिफ्टने अपडेटच्या आधीची स्थिती साठवून ठेवता येते. दोषी पॅकेज सापडलं तर तेवढं एक मागे न्यावं आणि काही काळ तिथेच धरून ठेवावं. बाकीची अपडेट्स चालू राहू द्यावीत. दुरुस्त आवृत्ती आली की धरून ठेवलेलं पॅकेज सोडावं. विसरून वर्षभर अडकवून ठेवलं तर सुरक्षेचं भोक आपणच ठेवल्यासारखं होतं.

प्रोग्रॅम कोसळतो तेव्हा कर्नल त्याच्या मेमरीची प्रत, म्हणजे कोअर डंप, काढू शकतो. उबुंटूत ॲपोर्ट ती जपून ठेवतं, इतर अनेक ठिकाणी सिस्टमडी. त्यातून बॅकट्रेस निघतो: कोसळताना कोणत्या लायब्ररीतलं कोणतं काम चाललं होतं, त्याची यादी. यादीच्या वरच्या भागात पँगो किंवा हार्फबझ दिसलं तर अक्षरांच्या मांडणीकडे पाहावं, ड्रायव्हरचं नाव दिसलं तर ग्राफिक्सकडे, प्लगइनचं दिसलं तर प्लगइनकडे. एक इशारा मात्र गंभीरपणे घ्यावा: कोअर डंपमध्ये त्या वेळी उघडा असलेला मजकूर असू शकतो. गिऱ्हाइकाचा आधार क्रमांक असलेला डंप कुणालाही पाठवू नये. बॅकट्रेस वाचून, त्यात खाजगी काही नाही याची खात्री करून, तेवढाच द्यावा.

चौथा दावा म्हणजे, विंडोजवर असं होत नाही. होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट मायक्रोसॉफ्टला थांबवावं लागलं, कारण काही वापरणाऱ्यांच्या फाइली त्यात पुसल्या गेल्या. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानुसार, विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमानतळ आणि इस्पितळं अडली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधारही संपला, आणि आपल्याकडची कितीतरी जुनी यंत्रं विंडोज ११ च्या टीपीएम २.० सारख्या अटींत बसत नाहीत. त्या यंत्रांवर आज चालू आधार असलेलं लिनक्स सुरक्षित चालतं. सॉफ्टवेअर माणसं लिहितात, म्हणून ते सगळीकडे बिघडतं. फरक एवढा की लिनक्समध्ये बिघाडाच्या आत डोकावायची, एकच भाग मागे न्यायची आणि तो लिहिणाऱ्यापर्यंत थेट पोहोचायची वाट उघडी असते. ती वाट न वापरता लिनक्सला नावं ठेवणं अन्यायाचं आहे.

शेवटचा निष्कर्ष मला सगळ्यात जास्त खटकतो: बोरगावातल्या माणसाचं कोण ऐकतं? ऐकलं जातं. उबुंटूमधली सुरक्षेची नसलेली बरीचशी अपडेट्स एकदम सगळ्यांना दिली जात नाहीत. ती आधी थोड्या संगणकांवर जातात, कोसळल्याचे अहवाल वाढले तर पुढचा टप्पा थांबवला जातो. अशा टप्प्यात सापडलेल्या माणसाने ‘रिपोर्ट पाठवा’ हे बटण दाबलं तर त्याने पुढच्या हजारोंचा त्रास वाचवला. फॉर्मॅट मारलेल्या संगणकातून असा अहवाल जात नाही. आपण गप्प बसतो, म्हणून चूक पुढच्या गावाला जाते.

मराठीच्या बाबतीत तर चुका कळवण्याशिवाय आपल्याला पर्यायच नाही. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘करणाऱ्या’ यांतला आडवा र हिंदीत लागत नाही. संगणकात तो दोन प्रकारांनी साठवता येतो: नुक्त्याच्या र ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडणीचं चिन्ह लावून. मराठीतल्या ल आणि श यांचे आकारही हिंदीतल्यापेक्षा वेगळे आहेत. नव्या आवृत्तीची चाचणी बहुधा इंग्रजीत होते, फार तर हिंदीत होते. आडव्या र वर अडखळणारी चूक पकडायची तर रोज मराठी लिहिणारा माणूसच लागतो. त्यातही आमच्या भागातला माणूस मोलाचा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. त्यामुळे इथे एकाच फाइलीत घरची मराठी, सरकारी हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा येतात. एवढी कडक चाचणी पुण्यात बसून होत नाही.

आणि लिनक्सवरची देवनागरी आपल्याला कुणी आयती दिलेली नाही. इंडलिनक्स आणि इंडिक्ट्रान्स या गटांतल्या माणसांनी, पहिल्या मुक्त देवनागरी फाँटांत गणला जाणारा गार्गी फाँट करणाऱ्यांनी, रेड हॅटच्या लोहित फाँटांवर पुण्यात काम करणाऱ्यांनी, मेनूंची मराठी भाषांतरं करणाऱ्या स्वयंसेवकांनी ती उभी केली. त्यांना चुका कळल्या त्या वापरणाऱ्यांनी कळवल्या म्हणून. केरळने सरकारी शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर टिकवलं, ते शिक्षकांनाच यंत्रणा सांभाळायचं शिकवून. ते तिथे होतं तर सौंसर आणि पांढुर्ण्यातही होऊ शकतं.

म्हणून टायपिंगचे वर्ग चालवणाऱ्यांना, सेंटरवाल्यांना आणि संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांना माझं सांगणं आहे. कीबोर्ड शिकवता तसा बिघाडाचा तपासही शिकवा. पुढच्या वेळी एडिटर कोसळला तर फॉर्मॅटच्या आधी चार गोष्टी करा: फाइलची प्रत काढा, टर्मिनलमधल्या शेवटच्या ओळी उतरवून घ्या, त्या दिवशी बदललेल्या पॅकेजांची नावं लॉगमधून लिहा, आणि जी मराठी ओळ उघडल्यावर एडिटर पडतो ती त्यातली खाजगी माहिती काढून वेगळी ठेवा. मग ते सगळं आपल्या लिनक्स वितरणाच्या, म्हणजे उबुंटू, फेडोरा वगैरेंच्या, बग नोंदवहीत साध्या इंग्रजीत कळवा. इंग्रजी मोडकी असली तरी चालते. आवृत्तीचे आकडे बरोबर असले पाहिजेत. एवढं करूनही संगणक सुधारला नाही, तर खुशाल फॉर्मॅट मारा. पण त्याआधी नाही.